ठासणीच्या बंदुकीवर स्कोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्टातल्या एका दुकानात दुर्बिणी, थिओडोलाइट आणि कॅमेऱ्यांची भिंगं साफ करण्यात माझी बावीस वर्षं गेली. रविवारी जमेल तसा वरळीच्या रेंजवर जात असे. त्यामुळे बंदुकीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावण्याचे हे प्रश्न माझ्याकडे दोन दिशांनी येतात. एक, लालबाग-परळचे चाकरमानी, ज्यांच्या कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक आहे. दुसरी, अमेरिकेत गेलेली भाचे-पुतणे मंडळी, जी तिथे रीतसर लायसन काढून हरणाच्या हंगामात रानात उतरतात. दोघंही म्हणतात ‘ठासणीची’. पण नळीच्या तोंडातून दारू भरायची, एवढं सोडलं तर दोन्ही बंदुकांत काही म्हणता काही सारखं नाही.

गावच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक आहे. तिच्यावर स्कोप बसेल का?

बसवू नका. या बंदुकांची नळी बहुतेक वेळा आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पीळ कोरलेले असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. पीळच नसेल तर गोळी किंवा छर्रे तीस-चाळीस पावलांपुढे कुठे जातील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. अशा नळीवर भारी भिंग लावलं तर चुकलेला नेम मोठा दिसेल, एवढंच.

शिवाय घोडा बाजूने उठतो, तो आपटून टोपी, म्हणजे बार पेटवणारी छोटी डबी, फुटली की ठिणग्या आणि काजळी वर उडते, आणि ती थेट भिंगावर. स्कोपची पट्टी बसवायला नळीला भोकं पाडून देणारा कुणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. ऐंशी-नव्वद वर्षांच्या लोखंडाला भोक पाडून त्यात बार उडवायचा म्हणजे तोंडाजवळ सुतळी बॉम्ब धरण्यातला प्रकार.

आणखी एक. ती बंदूक शेती संरक्षणाच्या परवान्यावर आजोबांच्या नावाने असेल आणि आजोबा गेले असतील, तर ती माळ्यावर ठेवून चालत नाही. पोलीस ठाण्यात कळवून, जमा करून, वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा लागतो. निवडणूक लागली की गावोगावच्या बंदुका जमा करायला लावतात, तेव्हा हे प्रकरण हमखास बाहेर येतं.

मग आपल्याकडे शिकारीसाठी घ्यायचाच नाही?

आपल्याकडे शिकार नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शेतात घुसणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वन खात्याची लेखी परवानगी लागते. ‘गावाला सगळेच करतात’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही. खालचं सगळं जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्या मंडळींसाठी. पण भिंगांबद्दलचं जे आहे ते पक्षी बघणाऱ्यांना आणि टार्गेट मारणाऱ्यांनाही तितकंच लागू पडेल.

अमेरिकेतली ठासणीची बंदूक वेगळी म्हणजे कशी?

तिथे तीन तऱ्हा दिसतात. चकमकीची, टोपीची आणि ‘इनलाइन’. पहिल्या दोन जुन्या वळणाच्या, घोडा बाजूला. इनलाइनमध्ये ठिणगी नळीच्या बरोबर मागून, सरळ रेषेत जाते. टोनी नाइट यांनी 1985 मध्ये एमके-85 आणली आणि हा प्रकार घरोघरी पोचला. आता बहुतेकांत शॉटगनच्या काडतुसातला ठिणगी देणारा 209 प्रायमर वापरतात. नळीला पीळ असतो, वर स्कोपसाठी भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. .50 कॅलिबर, म्हणजे अर्ध्या इंचाचं नळीचं भोक, सर्रास. स्कोपचा विचार करायचा तो याच बंदुकीसाठी.

पॉवर किती घ्यावी? दुकानदार 4-12 घ्या म्हणतो.

दुकानदार 6-24 पण घ्या म्हणेल, म्हणजे कडं फिरवून सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारा. पॉवर हा स्कोपमधला सगळ्यात सहज विकला जाणारा आकडा आहे.

उलट बाजूने बघा. बंदूक किती लांब मारते? शंभर ग्रेन दारू, म्हणजे काळ्या दारूच्या मापाने साधारण साडेसहा ग्रॅम, आणि 250 ग्रेनची गोळी धरा. नेम शंभर यार्डांवर बसवला तर दोनशे यार्डांवर तीच गोळी फूटभर खाली उतरते, कधी जास्तच. दीडशे यार्डांच्या पुढे वारा, उतार आणि आपला श्वास असे सगळे हिशेबात येतात. जुन्या वळणाच्या रायफलीत गोल शिशाची गोळी असेल तर शंभर यार्ड म्हणजे डोक्यावरून पाणी. बरं, बार एकच. दुसरा भरायला सराईत माणसालाही अर्धा मिनिट तरी लागतो, तोवर हरीण पुढच्या परगण्यात.

दाट रानात हरीण पन्नास-साठ यार्डांवर उभं राहतं. तिथे 9 पॉवरमधून बघितलंत तर भिंगभर नुसती तपकिरी लव दिसेल. खांदा कुठला नि मांडी कुठली कळायचं नाही. 3 पॉवरवर शंभर यार्डांवरचं तीसेक फुटांचं रान एका नजरेत मावतं. 9 वर तेच बारा-चौदा फुटांवर येतं. आणि काळ्या दारूचा धूर! बार उडाल्यावर समोर पांढरा ढग उभा राहतो. तो विरेपर्यंत जनावर कुठल्या बाजूला गेलं हे कळायचं तर कमी पॉवर आणि रुंद नजर हवी.

म्हणून माझं ठरलेलं उत्तर: दाट रान असेल तर 1-4 किंवा 2-7, मोकळं शेत असेल तर 3-9. आणि रानातून चालताना पॉवरचं कडं नेहमी सगळ्यात खालच्या आकड्यावर. वाढवायला वेळ मिळतो. कमी करायला मिळत नाही.

पुढचं भिंग 50 मिमीचं घेतलं तर संध्याकाळी जास्त उजेड मिळेल ना?

हा प्रश्न मी दुकानात किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्कोप हातभर लांब धरा आणि खिडकीकडे रोखा. आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, एक उजळ, गोल टिकली दिसेल. पट्टीने मोजा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर, एवढीच ती भरते. 3-9×40 (शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचे मिलिमीटर) असेल तर 9 वर साडेचार मिलिमीटरच्या आसपास, 4 वर दहा. आता आपल्या डोळ्याची बाहुली. काळोखात तरुण माणसाची फार तर सात मिलिमीटर उघडते, पन्नाशी उलटली की पाचेक. टिकली बाहुलीपेक्षा मोठी असेल तर जास्तीचा उजेड पापणीवर पडून वाया जातो. लहान असेल तर चित्र अंधारं दिसतं.

आता गणित करा. 12 पॉवरवर 50 मिमीचं भिंग चार मिलिमीटरची टिकली देतं. 9 पॉवरवर 40 मिमीचं भिंग त्याहून मोठी देतं. म्हणजे महागड्या, जड, मोठ्या स्कोपवाला पूर्ण पॉवर लावून बसला असेल, तर शेजारचा साध्या स्कोपवाला त्याच्यापेक्षा उजळ बघतोय. उजेड कमी झाला तर भिंग बदलू नका, पॉवर खाली आणा.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच शिकारीची मुभा असते. त्या अर्ध्या तासाला 5 पॉवरवरचं चांगलं 40 मिमी पुरून उरतं. 50 चं भिंग घेतलं की स्कोप नळीपासून उंच बसवावा लागतो, मग गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान कोंबड्यासारखी वर काढून बघावं लागतं.

उजेडाचा खरा फरक पडतो तो भिंगांवरच्या लेपाने. सगळ्या भिंगांच्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे का, ते विचारा. 30 मिमीची नळी असली म्हणजे आपोआप जास्त उजेड मिळतो, हा मात्र गैरसमज. तिने नेमाची फुली सरकवणाऱ्या फिरकीला वाव जास्त मिळतो, बस.

डोळा आणि स्कोप यांत अंतर किती हवं?

कमीत कमी साडेतीन इंच, चार असेल तर उत्तम. खोक्यावर ‘आय रिलीफ’ म्हणून लिहिलेलं असतं. पेन्सिल्वेनियातल्या माझ्या भाच्याने हे वाचलं नव्हतं. दीडशे ग्रेन दारू ठासली, स्कोप मागे ओढून बसवलेला, वर टेकडीवर चढणीला नेम धरलेला. व्हिडिओ कॉलवर त्याच्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र कोरलेला, अगदी आयपीसच्या कडेच्या मापाचा. ताई इथे गिरगावात बसून रडतेय आणि तो सांगतोय, “मामा, हरीण गेलं, पण स्कोप शाबूत आहे.”

चढणीला किंवा झोपून नेम धरला की डोकं आपोआप पुढे सरकतं. स्कोप बसवताना ती स्थिती धरूनच अंतर ठरवा. आणि दीडशे ग्रेनचा अट्टहास सोडा. शंभर ग्रेनमध्ये काम होतं, खांदा आणि भुवई दोन्ही वाचतात.

दारूचं बोलतोय तर सांगून टाकतो: काळी दारू किंवा तिच्या जागी चालणारी म्हणून विकतात तीच. बिनधुराची दारू टाकलीत तर नळी फुटते. माप मापट्यानेच, डब्यातून थेट नळीत कधीच नाही.

‘खास मझललोडर स्कोप’ म्हणून मिळतो तो घ्यावा का?

मझललोडर म्हणजे आपली ठासणीचीच. थोडं तथ्य आहे, थोडं लेबल आहे. तथ्य असं की साध्या रायफल स्कोपचं पॅरॅलॅक्स बहुधा शंभर-दीडशे यार्डांवर जुळवलेलं असतं, यांचं पन्नास-पाऊणशेवर जुळवलेलं मिळू शकतं. पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा जरा हलवला की फुली लक्ष्यावरून सरकते ते. शिकारीच्या अंतरांत आणि कमी पॉवरवर याने इंचभराचाही फरक पडत नाही. त्यामुळे तुमच्याकडे चांगला 3-9×40 पडून असेल, आय रिलीफ पुरेसा असेल, तर नवा घेऊ नका.

लेबलचा भाग म्हणजे फुलीखाली काढलेले गोल आणि रेघा. अमुक गोल दीडशे यार्डांचा, तमुक दोनशेचा. ते खरे ठरतात ते एका ठरावीक गोळीला, ठरावीक दारूला, आणि बहुतेक स्कोपांत फक्त एकाच पॉवरवर. पॉवरचं कडं फिरवलं की सगळं गणित विस्कटलं. मला विचाराल तर साधी, बाहेरून जाड आणि मध्ये बारीक होत जाणारी फुली. काळोखात जाड काड्या नजरेला मधोमध आणतात.

कंपनी कुठली?

ल्युपोल्ड आणि व्होर्टेक्स यांची दुरुस्तीची हमी चांगली आहे, आणि सेकंडहँड घेतला तरी ती लागू राहते. म्हणून जुना घ्यायचा तर त्यांच्यातला घ्या. निकॉनने रायफल स्कोप बनवणं थांबवलंय, पण त्यांचे जुने स्कोप फिरतात आणि भिंगं सुरेख असतात. बंदुकीबरोबर फुकट बसवून येणारा स्कोप हा लग्नात मिळालेल्या लेमन सेटसारखा: असतो, दाखवायला ठीक असतो.

पैसे कमी पडत असतील तर पॉवरमध्ये वाचवा. स्कोप बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या माउंट आणि रिंगांमध्ये मुळीच नको.

बसवायचा कसा? घरी जमेल?

जमतं. स्क्रू पिळून पिळून घट्ट करू नका. रिंगांचे बहुधा पंधरा ते वीस इंच-पौंड, कंपनीने दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने थांबायचं. हाताच्या अंदाजाने पिळलेल्या रिंगांनी चेपलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत, आत पॉवरचं कडं अडकून बसतं. स्कोप शक्य तितका खाली, पण नळीला टेकता कामा नये. घोडा उघडा असेल तर स्कोपखाली बोट शिरत नाही. त्याला बाजूला निघणारा छोटा खुंटा मिळतो, तो लावा, नाहीतर थंडीत हातमोजा घालून घोडा उतरवताना अंगठा सटकतो.

फुली सरळ आहे का हे बघायला गवंड्याचा ओळंबा. आमच्या चाळीत मी समोरच्या गॅलरीच्या कठड्याला ओळंबा बांधून ठेवला होता. त्याच्या दोरीवर उभी रेघ जुळवायची की झालं. नुसता सुटा स्कोप, बंदूक नाही. तरी दोन दिवसांनी खालच्या काकूंनी विचारलंच, बांधकाम कुणाचं निघालंय म्हणून.

नेम बसवताना गोळ्या वाया जातात. काही युक्ती?

इनलाइनमध्ये आहे. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. ठासायचा गज आत घालून त्याच्यावरची खूण कुठपर्यंत जाते ते बघा, नुसतं आठवणीवर जाऊ नका. मग ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, काढा. नळीतून आरपार दिसतं, पाण्याच्या पाइपातून दिसावं तसं. बंदूक उशांवर पक्की बसवून नळीतून पंचवीस यार्डांवरचा ठिपका मधोमध आणा आणि न हलवता फुली त्यावर फिरवून आणा. पहिलीच गोळी कागदावर बसेल.

त्यानंतर फिरक्या. बहुतेक स्कोपांत एक टिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. तीन इंच खाली लागत असेल तर बारा टिका वर. पण पंचवीस यार्डांवर हीच टिक इंचाचा सोळावा भाग सरकवते, म्हणजे तिथे एक इंचासाठी सोळा टिका. इथेच मंडळी गोंधळतात आणि फिरकीला शिव्या देतात.

प्रत्येक बार उडवल्यावर नळीतून एक ओला फडका, एक कोरडा. काजळी साचली की प्रत्येक गोळी वेगळी बसते आणि दोष स्कोपवर येतो. एका गोळीवरून फिरकी फिरवू नका, तीन मारा, त्यांचा मध्य बघा. शेवटी शंभर यार्डांवर दोन इंच वर ठेवलंत तर सव्वाशे-दीडशेपर्यंत डोकं चालवावं लागत नाही.

माझ्याकडे एअर रायफलचा स्कोप आहे, तो चालेल का?

एअर रायफलचा म्हणून स्वस्तात विकले जाणारे बरेच स्कोप डोळ्याला फार जवळ लागतात. वर भुवईची गोष्ट वाचलीत ना.

उलटं विचारलंत तर माझीच फजिती सांगतो. रायफलचा चांगला 3-9 मी हौसेने स्प्रिंगच्या एअर रायफलवर चढवला. लहानसं छर्रा मारणारं यंत्र, काय धक्का देणार! पण स्प्रिंगची बंदूक आधी मागे झटका देते आणि पिस्टन थडकला की पुढे. रायफल स्कोप मागच्या झटक्याला बांधलेला, पुढच्याला नाही. महिन्याभरात फुली कलली, आणि स्कोप हलवला की आतून खुळखुळ. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या दुर्बिणी उघडणाऱ्या माणसाने आपली उघडली तेव्हा शेजारचा कारागीर हसत होता.

स्कोप नसलाच तर?

तर काही बिघडत नाही. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं ते रायफलवर दुर्बीण न लावता. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालतच नाही. मागच्या बारीक भोकातून पुढच्या कड्यात लक्ष्य धरायचं, बस्स.

आणि काही ठिकाणी तुम्हाला पर्यायच नसतो. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात स्कोपला मनाई आहे, साधी माशीच, म्हणजे नळीवरची नेमाची खूण, लागते. ओहायोत चालतो. नियम राज्यागणिक बदलतात, वर्षागणिकही बदलतात. त्यामुळे स्कोपचे पैसे मोजण्याआधी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं चालू वर्षाचं नियमपत्रक वाचा.

स्कोप आहे तर वेगळी दुर्बीण कशाला?

कारण स्कोपच्या खाली भरलेली बंदूक आहे. झुडपात काय हललं हे स्कोपमधून बघायचं म्हणजे ते जे काही आहे त्याच्यावर बंदूक रोखायची. तो शेजारचा शिकारी असू शकतो. 8×42 ची गळ्यातली दुर्बीण घ्या. शिकारीला नाही तर ठाण्याच्या खाडीवर रोहित बघायला कामाला येईल.

ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण लावणं ही आजकालची टूम ना?

नाही. अमेरिकी यादवी युद्धात व्हिटवर्थ या ठासणीच्याच रायफलींवर डाव्या कुशीला लांब दुर्बीण बसवत. ती डेव्हिडसन यांच्या पद्धतीची. हे कर्नल डेव्हिडसन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातले. म्हणजे या विषयाचा मुंबईशी संबंध माझ्यापासून सुरू होत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात स्कोप सांभाळायचा कसा?

भाचा दोन वर्षांसाठी परत आला, त्याने बंदूक तिकडेच मित्राच्या कपाटात ठेवली आणि स्कोप तेवढा बॅगेत आणला. कस्टम्सचे नियम आधी विचारले होते, ते तुम्हीही विचारा. पहिल्याच श्रावणात भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. ही बुरशी. ती भिंगावरचा लेप खाते आणि साफ केली तरी खूण राहते. नळीत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे चांगल्या स्कोपात ती आतून सहसा होत नाही. पण बाहेरच्या भिंगावर होते, आणि रबराची कडी म्हातारी झाली की आतही शिरते.

कातडी किंवा रेक्झिनच्या पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल धरलेली कळते, मग ते तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. हा तवा स्वयंपाकाचा नको. भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी अगदीच गरज असेल तर लेन्सच्या कागदावर एक थेंब द्रावण. काजळीचे कण कोरडे घासलेत तर ते सँडपेपरचं काम करतात.

डबा बंद करून कपाटात मागे सारू नका. महिन्यातून एकदा बाहेर काढा, अर्धा तास उजेडात ठेवा, दोन्ही फिरक्यांच्या टोप्या उघडून आत ओल आहे का बघा. भाच्याचा स्कोप आता माझ्याकडेच आहे. दर महिन्याला तो गॅलरीत निघतो, आणि काकू विचारतात, बांधकाम अजून चालूच का?